जंगल राखणाऱ्या ट्रस्टचे विश्वस्त नक्की करतात काय?

फेब्रुवारी सरता सरता आमच्या तालुक्यातल्या डोंगरांवरचं गवत पार वाळून जातं. हातात घेऊन चुरलं तर भुगा होतो. जाळरेषा काढायचे दिवस हेच. राखायच्या जागेच्या कडेने काही मीटर रुंदीचा पट्टा, पहाटे वारा पडलेला असताना, आपणच कापून आणि जाळून मोकळा करायचा. पलीकडून वणवा आला तर त्याला तिथे खायला काही उरत नाही आणि तो अडतो. आमच्या लहानशा निसर्ग ट्रस्टकडे अशी साडेअकरा एकर जागा आहे. त्या वर्षी खात्यात पैसे होते, गावातली सहा माणसं ठरलेली होती, कोयते पाजळून तयार होते, आणि तरीही आम्हाला मजुरी देता येत नव्हती.

कारण आमचे खजिनदार काका जानेवारीत वारले होते. चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोघांच्या सह्या लागायच्या. आम्ही सभा घेतली, नव्या खजिनदारांच्या नावाचा ठराव केला आणि बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी ठराव नीट वाचला आणि म्हणाल्या, "ठराव ठीक आहे हो, पण शेड्यूल वनचा उतारा लागेल. त्यावर हे नाव हवं." उतारा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीची नक्कल, काढला. त्यावर बारा वर्षांपूर्वीची सात नावं होती. त्यातली तीन माणसं हयात नव्हती आणि खुद्द खजिनदार काकांचं नाव त्या उताऱ्यावर कधी चढलंच नव्हतं. मधल्या बारा वर्षांत आम्ही झाडं लावली, चर खणले, शाळांच्या सहली नेल्या, पण विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, एकदाही कळवलं नाही. चूक सर्वस्वी आमची होती. मी सचिव होतो, म्हणजे सर्वात जास्त माझी.

तेव्हापासून मला वाटत आलंय की पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थांबद्दल आपण बोलतो ते झाडांबद्दल, बिबट्यांबद्दल, कासवांबद्दल. ती संस्था ज्यांच्या नावावर चालते त्या माणसांचं काम काय असतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी विश्वस्त या शब्दाचा अर्थ पाहू. आजीने नातीच्या लग्नासाठी सोनं काढून ठेवलं आणि मोठ्या काकांकडे सांभाळायला दिलं. सोनं काकांच्या कपाटात आहे, किल्ली काकांच्या कमरेला आहे, पण ते सोनं काकांचं नाही. ते विकून काकांना स्वतःची गाडी घेता येणार नाही, आणि कपाट उघडं टाकून गावाला जाताही येणार नाही. देणारा एक, सांभाळणारा दुसरा आणि ज्याच्यासाठी सांभाळायचं तो तिसरा. काका इथे विश्वस्त. ट्रस्टचा सगळा कायदा या एवढ्या गोष्टीभोवती उभा आहे. नातीच्या जागी सगळा समाज आला की तो सार्वजनिक ट्रस्ट होतो.

निसर्गाच्या ट्रस्टमध्ये मात्र एक पेच आहे. शाळेच्या ट्रस्टने गडबड केली तर पालक दारात येऊन उभे राहतात. देवस्थानात गडबड झाली तर भाविक बोंब मारतात. डोंगर राखणाऱ्या ट्रस्टने दुर्लक्ष केलं तर ज्याचं नुकसान झालं तो माळटिटवीचा जोड कुठे अर्ज करणार? झरा आटला तर तो खालच्या वस्तीला पाच वर्षांनी कळतो. तक्रार करणारं समोर कुणी नसतं, त्यामुळे सांभाळणाऱ्याच्या सचोटीवर आणि त्याच्या दप्तरावर इतर कुठल्याही ट्रस्टपेक्षा जास्त भार पडतो. अशा ट्रस्टमध्ये कागदपत्रं हा काही कारकुनी भाग नाही. निसर्गाच्या बाजूने बोलणारी तेवढीच एक गोष्ट तिथे असते.

महाराष्ट्रात हा सगळा कारभार १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली येतो. (आधी त्याच्या नावात मुंबई होतं.) १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा खाजगी, म्हणजे घरगुती ट्रस्टसाठी आहे, त्याच्याशी आपला संबंध नाही. आपल्याकडे बरेच निसर्ग-मंडळवाले आधी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवतात आणि मग तीच संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदवतात, म्हणून लेटरहेडवर दोन नंबर दिसतात आणि त्यातला एक 'एफ'ने सुरू होतो. लोकांना वाटतं आपण 'कार्यकारी मंडळाचे सदस्य' आहोत, विश्वस्त वगैरे मोठी माणसं. तसं नाही. कायद्याच्या लेखी कार्यकारी मंडळात बसणारा माणूस विश्वस्तच, आणि विश्वस्ताची सगळी जबाबदारी त्याच्यावर. नावाला म्हणून कुणाच्या ट्रस्टवर राहू नका, असं मी ओळखीच्यांना कळकळीने सांगतो.

ज्या नोंदवहीत ट्रस्टचं नाव, पत्ता, मालमत्ता आणि विश्वस्त लिहिलेले असतात त्या नोंदीला परिशिष्ट एक किंवा शेड्यूल वन म्हणतात. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा निवडला, जमीन मिळाली, पत्ता बदलला, काहीही बदललं की ९० दिवसांच्या आत तसा बदल अर्ज द्यावा लागतो. कलम २२ मध्ये हे आहे आणि सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा. आमच्यासारखं बारा वर्षांचं साचलेलं असेल तर आधी पहिला बदल, मग दुसरा, मग तिसरा, अशी अख्खी साखळी लावावी लागते. प्रत्येक सभेची सूचना, हजेरी, ठराव, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, नव्यांची संमतीपत्रं. एका दिवंगत विश्वस्तांचा दाखला मिळवायला मी त्यांच्या मुलाकडे गेलो तेव्हा त्याने विचारलं, "बाबा अजून तुमच्याकडे आहेत का कागदावर?" काय उत्तर देणार?

आता मंडळात कोण काय करतं ते. अध्यक्ष सभा चालवतात आणि बाहेर तोंड दाखवतात. खजिनदार किर्द-खतावणी, पावतीपुस्तकं आणि व्हाउचर सांभाळतात, दरवर्षी हिशेब तपासून घेतात आणि वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात जाईल असं बघतात. सचिवाकडे सूचना, इतिवृत्त आणि पत्रव्यवहार. प्रकल्प समन्वयक, रोपवाटिकेतल्या बायका आणि राखणदार हे पगारी लोक, ते विश्वस्त नाहीत. ही रेघ पुसट झाली की भांडणं सुरू होतात. राखणदाराने कुठल्या वाटेने गस्त घालावी हे विश्वस्ताने फोन करून सांगू नये. त्याचा पगार सात तारखेला झाला का, त्याला बूट आणि विजेरी मिळाली का, हे मात्र विश्वस्तानेच विचारायला हवं.

इतिवृत्ताबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण संस्था कशी आहे ते तिथे दिसतं. बहुतेक ठिकाणी 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक' एवढंच असतं, पानामागून पान. आमच्या वहीत एक पान वेगळं आहे. एका कंपनीने पाच हजार रोपं लावायला पैसे देऊ केले होते. आम्ही सगळे खूश. मंडळावर वनस्पतीशास्त्राच्या एक निवृत्त बाई होत्या, त्यांनी विचारलं, कुठे लावणार? आम्ही वरचा माळ दाखवला. त्या म्हणाल्या, तो माळ मोकळा नाहीये, तो भरलेला आहे. पावसाळ्यात तिथे काय उगवतं ते बघायला चला, मग खड्डे मारा. सप्टेंबरात त्या आम्हाला घेऊन गेल्या. कातळावरच्या मातीच्या बोटभर थरात कंदिलपुष्प, सीतेची आसवं आणि गवताच्या कितीतरी जाती उभ्या होत्या. गुडघे टेकून बसल्याशिवाय ते दिसत नाही. तिथे पाच हजार खड्डे म्हणजे ते सगळं उलथून टाकणं. आम्ही पैसे नाकारले. इतिवृत्तात त्यांचं मत, आमचा विरोध आणि शेवटी आम्ही का बदललो, हे सगळं चार परिच्छेदांत लिहिलेलं आहे. उद्या नवे विश्वस्त आले आणि पुन्हा कुणी रोपांचे पैसे घेऊन आलं, तर ते पान त्यांच्याशी बोलेल.

पैशांचा विषय निघालाच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पर्यावरण त्या यादीत आहे. याला आपण सीएसआर म्हणतो. त्यातली अडचण अशी की कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि झाडाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. फेब्रुवारीत फोन येतात, "मार्चपर्यंत लावून फोटो द्याल का?" विश्वस्तांनी इथे ठाम राहावं लागतं. एकापेक्षा जास्त वर्षं चालणारा प्रकल्प म्हणून आधीच करार केला तर न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हे माहीत असलेला एक जरी माणूस मंडळावर असला तर उन्हाळ्यात रोपं मारण्याचं पाप टळतं.

परदेशातून देणगी घ्यायची तर केंद्राची वेगळी नोंदणी लागते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्था पूर्वी गावातल्या छोट्या गटांना यातून हात द्यायच्या, तो रस्ता त्यामुळे बंद झाला. आयकरात सवलत हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के हेतूवर खर्च झालेले दाखवावे लागतात. पाणलोट, वनं आणि वन्यजीवांसह पर्यावरणाचं जतन हा धर्मादाय हेतू असल्याचं आयकर कायद्यात २००९ मध्ये स्वतंत्रपणे लिहिलं गेलं. बाकी तपशील तुमचे सीए सांगतील.

जमिनीचं मात्र प्रत्येक विश्वस्ताला तोंडपाठ हवं. शेतजमीन ट्रस्टच्या नावाने घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, कारण ट्रस्ट हा शेतकरी नाही. घेतलेली जमीन विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची, किंवा शेतजमीन असेल तर दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती असेल तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. सात विश्वस्तांनी मिळून ठरवलं तरी विकता येत नाही. हायवे आला की आसपासच्या जमिनींना सोन्याचा भाव येतो, तेव्हा 'थोडी विकून दुसरीकडे जास्त घेऊ' असा विचार चांगल्या चांगल्या माणसांच्या मनात येतो. हिशेब न देणं, पैशांचा अपहार, आदेश धुडकावणं, कर्तव्यात कसूर अशा कारणांवरून आयुक्त विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढूनही टाकू शकतात. ते कलम ४१ड.

आता नोंदणी, घटना (ट्रस्टची नियमावली), लेखापरीक्षण यांतलं काहीही नसताना आपल्याकडे शतकानुशतकं जंगलं राखली गेली, हेही सांगायला हवं. कोकणातल्या आणि मावळातल्या देवराया. त्या राखणारे विश्वस्त म्हणजे गावचे मानकरी, गुरव, गावकर. देवाला विचारल्याशिवाय, कौल लावल्याशिवाय वाळकी फांदीही उचलायची नाही, हा त्यांचा ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टचा मूळ दस्त. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला आणि त्या जैवविविधतेचे साठे आहेत हे अभ्यासकांच्या पटलावर आणलं. आज अनेक देवराया तुटतात त्या बहुधा मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी. मानकरी तेच, देव तोच, पण सांभाळायचं काय आहे याची समजूत बदलली. आधी राई सांभाळायची होती, आता सभामंडप.

कोकणातलंच दुसरं उदाहरण वेळासचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था भाऊ काटदरे यांनी १९९२ मध्ये सुरू केली. २००२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरली जातात हे त्यांच्या लक्षात आलं आणि काम सुरू झालं. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. ती काढून जाळीच्या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, वर तारीख लिहायची. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात, म्हणून वेळ जवळ आली की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची. सकाळ-संध्याकाळ ती टोपली उचलून बघायची. खाली कधी नुसती वाळू असते, कधी तळहाताच्या निम्म्या आकाराची दोन डझन काळसर पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. ती समुद्राच्या अलीकडे सोडायची आणि आपण मागे उभं राहायचं.

२००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला, पाहुणे गावकऱ्यांच्याच घरात राहू-जेवू लागले आणि अंड्यांपेक्षा पिल्लांवर गावाचा चरितार्थ चालू लागला. मला त्यात नेतृत्वाच्या बाजूने मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. चिपळूणच्या संस्थेने ते काम कायम आपल्या मुठीत ठेवलं नाही. टोपल्या उचलणारे हात गावातले होते, आणि पुढे वन विभाग आणि गावकरी यांनी ते काम चालवलं. बाहेरून आलेल्या संस्थेला मागे सरता येणं फार अवघड असतं. पाटी असते, देणगीदार असतात, फोटो असतात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर ट्रस्ट मध्ये आणलाच नाही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झाला. गावचे नेते देवाजी तोफा यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत होतात, म्हणजे प्रत्येक घर विश्वस्त. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं आहेत. वन्यजीव कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी राज्याने असं प्रतिष्ठान स्थापावं असं ठरलं. त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष वनमंत्री आणि कार्यकारी समितीचे प्रमुख प्रकल्पाचे क्षेत्र संचालक. इथे माणूस निवडला जात नाही, खुर्चीसोबत पद येतं. फायदा असा की दप्तर कधी पोरकं होत नाही, साहेबांची बदली झाली तर दुसरे साहेब येतात. तोटा असा की जंगलाची ओळख होईपर्यंत बदलीची ऑर्डर हातात पडलेली असते.

आमच्यासारख्या बिगरसरकारी ट्रस्टमध्ये नेमकी उलटी अडचण. संस्थापक जातच नाहीत. वयाच्या चाळिशीत ज्यांनी संस्था काढली ते ऐंशीव्या वर्षीही अध्यक्ष असतात, त्यांच्याविषयी आदर असतो म्हणून कुणी बोलत नाही आणि पस्तिशीतली पोरं कंटाळून दुसरं मंडळ काढतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये या कायद्यात बदल करून तहहयात विश्वस्तांच्या संख्येला लगाम घातला, तो मला योग्य वाटतो. एक वड उभा राहायला माणसाच्या दोन पिढ्या जातात. त्याची राखण एका पिढीच्या सहीवर अवलंबून ठेवणं बरोबर नाही.

आमच्याकडे त्या फेब्रुवारीत शेवटी मजुरी विश्वस्तांनी खिशातून वर्गणी काढून दिली. तिची नोंद उसनवारी म्हणून केली, हंगामात जाळरेषा निघाली. चेंज रिपोर्टांची साखळी पुरी व्हायला मात्र सव्वा वर्ष गेलं. मग घटना दुरुस्त केली. आता कुणीही सलग दोन मुदतींपेक्षा जास्त पदावर राहत नाही, दर सभेत पहिला विषय 'मागील बदलांची नोंद झाली का' हा असतो, आणि विश्वस्ताच्या नात्यातल्या कुणाकडून ट्रस्टने काही विकत घ्यायचं असेल तर त्या विश्वस्ताने त्या विषयापुरतं बाहेर जाऊन बसायचं असतं. मंडळावर खालच्या वस्तीतल्या दोघी आहेत, ज्यांची गुरं पूर्वी त्याच जागेत चरायची. गवत कधी कापायला द्यायचं हे त्या ठरवतात, आणि तेव्हापासून कुंपण एकदाही तुटलेलं नाही.

नवी खजिनदार अठ्ठावीस वर्षांची आहे, बी.कॉम. झालेली, आमच्याच राखणदाराची पुतणी. तिच्या नावासकट शेड्यूल वनचा उतारा आला त्या संध्याकाळी मी चेकबुक, पावतीपुस्तकं आणि काकांच्या अक्षरातली किर्द अशी पिशवी तिच्याकडे दिली. तिने चेकबुक बाजूला ठेवलं. म्हणाली, "दादा, आधी मजुरांचं मस्टर दाखवा. गेल्या उन्हाळ्याचे कुणाचे पैसे राहिलेत का?"

दोघांचे राहिले होते.